‘दार उघडं ठेवते की, काका!’

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत चाकांवर चालणाऱ्या धंद्यांवर पान भरून लेख आला होता. फिरतं सलून, फिरती डोसागाडी, आणि दारात येऊन कुत्र्यांना आंघोळ घालणारी गाडी. लेख चांगला आहे. पोरंपोरी हिंमत करून स्वतःचं काही उभं करतायत, त्याचं मलाही कौतुक आहे. पण मी पडलो फिटर. फोटो दिसला की माझी नजर माणसांच्या मागे भिंतीवर काय आहे तिकडे जाते. तुमच्या फोटोत टबमध्ये फेसानं माखलेला लॅब्रॅडॉर आहे, शेजारी हसणारी मुलगी आहे, आणि तिच्या खांद्यामागे पांढरा गॅस गीझर लटकतोय. त्याच्या खाली लाल सिलिंडर. मधे नारिंगी नळी. मोबाइलवर फोटो मोठा करकरून पाहिला, गीझरच्या डोक्यावर चिमणी कुठेही नाही. गाडीचं मागचं दार फोटोपुरतं उघडं आहे.

मी १९८७ साली औंधच्या आयटीआयमधून प्लंबर होऊन बाहेर पडलो. हडपसरला गाडीतळाच्या मागच्या बाजूला माझं दहा बाय दहाचं दुकान आहे. गॅस गीझर बसवतोय त्याला वीस-बावीस वर्षं झाली. किती बसवले याची वही ठेवली नाही, पण मांजरी-फुरसुंगीपर्यंत माझ्या हातचं भोक भिंतीला असलेल्या सोसायट्या पुष्कळ सापडतील. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही. एवढी वर्षं काढलेल्या माणसानं गाडीत गीझर बसवताना जी चूक केली, ती कळवावी म्हणून हे पत्र.

मागच्या डिसेंबरात एक मुलगी दुकानात आली. आयटीतली नोकरी सोडून तिनं जुनी ट्रॅव्हलर घेतली होती, मालवाहतुकीची, मागे सगळा पत्र्याचा डबा. आत स्टीलचा टब, दोनशे लिटरची पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, केस वाळवायचा ब्लोअर, टॉवेलांना कप्पे. काम नेटकं होतं. गरम पाण्याचं तेवढं अडलं होतं. दुसऱ्या एकानं बाराशे रुपयांत आतल्या भिंतीला दोन स्क्रू मारून गीझर लावून देतो म्हणून सांगितलं होतं. ती माझ्याकडे फक्त खात्री करायला आली होती.

मी म्हटलं, “ताई, आत नको. धूर कोंडतो.”

“दार उघडं ठेवते की, काका!”

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, फक्त दाराच्या जागी खिडकी असते. बाथरूममध्ये गीझर लावताना मी सांगतो, ही खिडकी कधी बंद करायची नाही. लोक हो म्हणतात. जानेवारीत पुन्हा जातो तेव्हा खिडकीच्या काचांच्या फटींत रद्दी कोंबलेली असते. राग मानू नका, बऱ्याचदा आपलंच वर्तमानपत्र असतं. आणि गाडीचं दार? डिसेंबरात सकाळी आठ वाजता भिजलेलं, कुडकुडणारं कुत्रं टबमध्ये आहे, समोर उघडं दार, बाहेर मांजर. कोण ठेवणार दार उघडं? पहिल्याच आठवड्यात ते बंद होणार हे मला माहीत होतं. म्हणून दार बंद आहे असं धरूनच काम करायचं, इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं होतं.

पुढे ते भलतीकडे गेलं. मी ठरवलं, आत गीझर लावायचा पण चिमणी छपरातून वर काढायची, आणि वर खात्री म्हणून मागच्या दाराशेजारी सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवायचा. धूर चिमणीतून जाईल, चुकून उरला तर फॅन ओढेल. दुहेरी बंदोबस्त. छपराला भोक पाडलं, तीन इंची स्टेनलेस पाइप वर काढला, पावसासाठी टोपी घातली. खरं सांगतो, खाली उतरून लांबून पाहताना छाती फुगली होती.

रविवारी दुकानासमोर गाडी लावून चाचणी घेतली. दार मुद्दाम बंद केलं, फॅन चालू. माझा भाचा हाताखाली असतो, तो टब भरून ओतून पाहत होता आणि मी पंपाशी झगडत होतो. (या पंपांचं पाणी हिसके देत येतं. गीझर पाण्याच्या दाबावर पेटतो, त्यामुळे तो सारखा पेटतो-विझतो. मधे दाबाची छोटी टाकी लावली की पाणी सरळ येतं. असो.) अर्धा-पाऊण तास गेला असेल. भाचा म्हणाला, “मामा, मळमळतंय.” मी म्हटलं, सकाळी दोन प्लेट मिसळ हाणल्यावर दुसरं काय होणार. माझंही डोकं कानांच्या मागे जड झालं होतं. वाटलं पित्त खवळलं. खिशातली आवळासुपारी तोंडात टाकली आणि काम चालू ठेवलं. मग खाली पडलेला स्पॅनर उचलायला वाकलो तर गुडघ्यांत जीवच राहिला नव्हता. तेव्हा कुठे उजेड पडला. दाराच्या कडीवर हात घट्ट बसेना, खांद्यानं ढकलून दार उघडलं आणि भाच्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो फुटपाथवर बसून ओकला. माझं डोकं संध्याकाळपर्यंत घण मारत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मला झापलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तात जो प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे श्वास चालू असतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. ते म्हणाले, मोकळ्या हवेत बरं वाटलं म्हणून घरी जायचं नसतं, तसंच दवाखान्यात येऊन ऑक्सिजन लावून घ्यायचा असतो. आणि एकाच जागी दोघांना एकदम पित्त होत नाही, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं. हे शेवटचं वाक्य मी दुकानात खडूनं लिहून ठेवलंय.

आठवडाभर त्या गाडीकडे फिरकलो नाही. मग गेलो, बरोबर उदबत्तीचा पुडा आणि हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा उसना आणलेला मीटर घेऊन. गीझर पेटवला, दोन्ही दारं लावली, फॅन बंद ठेवला आणि पेटती उदबत्ती चिमणी जिथे गीझरला बसते त्या तोंडाशी धरली. धूर आत ओढला जायला हवा. तो जात होता, पण नाखुशीनं, कडेला रेंगाळत. मग भाच्यानं बाहेरून फॅनचं बटण दाबलं. धुराची रेघ क्षणभर थबकली, वळली, आणि सरळ माझ्या तोंडावर आली. मागोमाग गीझरच्या डोक्यावरून गरम हवेचा झोत गालाला लागला. मीटर दीडशे पीपीएमकडे (हवेच्या दहा लाख भागांत दीडशे भाग) चढत होता. मी गॅस बंद करून बाहेर उडी मारली.

कारण साधं आहे, नंतर सगळंच साधं असतं. फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा त्याला कुठून तरी आत घ्यावी लागते. दाराला रबर, काच बंद, मग आत यायला वाट उरली कोणती? माझी चिमणी. ज्या वाटेनं धूर वर जायचा, त्याच वाटेनं फॅननं तो खाली ओढला. आणि चिमणीला ओढ येते ती उंचीमुळे. गीझरपासून गाडीचं छप्पर जेमतेम दीड फूट. त्यात कसली ओढ? म्हणजे माझ्या दुहेरी बंदोबस्तातला एक दुबळा होता आणि दुसरा त्याच्या उलट काम करत होता. जे घरात अशा गीझरच्या जोडीला एक्झॉस्ट फॅन लावून निश्चिंत आहेत, त्यांनी ही उदबत्ती स्वतःच्या घरात एकदा लावून पाहावी, हातात गॅसचा कॉक आणि मागे उघडं दार ठेवून.

त्या मुलीला हवेचा हिशेब कागदावर करून दाखवला, तो इथेही देतो. मिनिटाला सहा लिटरचा गीझर, जो आपल्याकडे सर्रास मिळतो, तो पाणी पंचवीस अंशांनी तापवायला तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी जळायला सुमारे पावणेतीन हजार लिटर प्राणवायू लागतो, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस लिटर. तिच्या गाडीचा डबा दहा घनमीटरच्या आसपास. त्यात प्राणवायू एकवीसशे लिटर. हवेत तो २१ टक्के असतो. १८ टक्क्यांवर यायला तीनशे लिटर खर्च व्हायला हवेत. पंचेचाळीसनं भागा, सात मिनिटंसुद्धा होत नाहीत. प्राणवायू कमी झाला की ज्योत अर्धवट जळते, आणि अर्धवट जळाली की विषारी वायू बनतो. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, आणि लोकांना ती सुरक्षा वाटते. बंद डब्यात तिच्या आधीच काम झालेलं असतं. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तर हाच हिशेब चार मिनिटांच्या आत येतो.

कुत्र्यांच्या गाडीत आणखी एक भानगड आहे, जी मला गीझर उघडेपर्यंत सुचली नव्हती. केस. चाचणीच्या आधी ती मुलगी स्वतःच्या कुत्र्याला चार-पाच वेळा गाडीत वाळवून बसली होती. ब्लोअरनं उडालेले बारीक पांढरे केस गीझरच्या खालच्या फटीतून बर्नरच्या जाळीवर जाऊन बसले होते, वर तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी धरली होती. ज्योत निळी असायला हवी, ती मधूनमधून पिवळी जीभ काढत होती. घरातल्या गीझरची ही अवस्था व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. इथे पंधरा दिवसांत झाली.

मग नीट बसवायचाच असेल तर कसा? जी गोष्ट मला आता पटली आहे ती अशी, की ज्योत आणि माणूस यांनी एकाच हवेत श्वास घ्यायचा नाही. युरोपात राहण्याच्या गाड्यांसाठी वेगळे हीटर असतात, पाइपात पाइप. बाहेरच्या पाइपातून हवा ज्योतीकडे येते, आतल्यातून धूर बाहेर जातो, मधली पेटी पूर्ण बंद. ब्रिटनमध्ये तर १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरातल्या बाथरूममध्येसुद्धा असाच बंद पेटीचा गीझर लागतो, दुसरा बसवताच येत नाही. आपल्याकडे तो मागवायचा तर किंमत ऐकून ती मुलगी खुर्चीत बसली.

दुसरा मार्ग म्हणजे गाडीच्या अंगाला फक्त बाहेरून उघडणारा पत्र्याचा कप्पा. आतल्या बाजूची भिंत अखंड, पाण्याचा पाइप जातो तेवढीही फट उरता कामा नये, सगळे सांधे बुजवलेले. कप्प्याच्या बाहेरच्या दाराला वर आणि खाली जाळ्या, धूर थेट बाहेर, आणि तोही गाडीच्या खिडकीजवळ नाही. सिलिंडरला त्याहून वेगळा कप्पा, उभा, पट्ट्यानं जखडलेला, आणि तळाला मोकळं भोक, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की पाण्यासारखा खाली साचतो. ते भोक सायलेन्सरच्या डोक्यावर पाडू नका, पाडणारे आहेत. गाडी चालताना सिलिंडरचा कॉक बंद. आपल्या रस्त्यांवर नट ढिले होतातच, म्हणून महिन्याला साबणाच्या फेसानं सगळे जोड तपासायचे, काडी ओढून नाही. आयएसआय मार्काची जाळीवाली नळी पाच वर्षांनी बदलायची. आणि दोन अलार्म, एलपीजीचा जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा नाकाच्या उंचीवर. एलपीजीचा अलार्म कुत्र्यावर मारायच्या सेंटलाही केकाटतो, मग लोक त्याचा सेल काढून ठेवतात. तेवढी सवय मात्र मोडायला हवी. इतकं सगळं करूनही बाजारातला आपला गीझर हा घरगुती वापरासाठी बनवलेला आहे, त्याचं भारतीय मानकही, आयएस १५५५८, छोट्या घरगुती गीझरसाठीचं आहे. धक्के खात फिरायला तो बनलेलाच नाही.

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. मंजुरीशिवाय गाडीच्या रचनेत असे बदल करता येत नाहीत. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक किंवा पाच किलोचा विकत घ्यायचा. हे सगळं कागदावर आहे. मी त्या मुलीबरोबर एका एजंटाकडे गेलो तर तो म्हणाला, “पासिंगला आत कोण डोकावतंय?” गीझर विकणारा म्हणाला, आम्ही घरासाठी विकतो. सिलिंडरवाला म्हणाला, आमचा संबंध रेग्युलेटरपर्यंत. आणि चिमणीचा पाइप? तो खोक्यात येत नाही, वेगळा घ्यायचा असतो. शंभरात किती गिऱ्हाईकं घेतात ते माझ्या दुकानातली पाइपांवरची धूळ सांगेल.

शेवटी त्या मुलीनं विचारलं, “काका, गॅसच नको असेल तर?” माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, कारण मी गॅसवाला. पुन्हा कागद घेतला. कुत्र्याला लागतं कोमट पाणी, अडतीस अंशांचं. ती कोपर बुडवून बघते, तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं. मोठ्या कुत्र्याला चाळीस लिटर धरा. शंभर लिटरचा साठवणीचा विजेचा गीझर गाडीत बसवायचा, रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये साठ अंशांपर्यंत तापवायचा. वीस अंशांच्या पाण्याला पावणेपाच युनिट लागतात. सकाळी प्लग काढून गाडी सुटली की त्या शंभर लिटरमध्ये थंड पाणी मिसळून सव्वादोनशे लिटर कोमट पाणी होतं. पाच मोठी कुत्री आरामात. ती म्हणाली, “मी दिवसाला चारच घेते.” एवढ्यासाठी मी तिच्या छपराला भोक पाडलं होतं!

तसं केलं. टाकी चॅसीला बोल्टनं धरली, कारण शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ब्रेक मारला की ते पुढे यायला बघतात. अर्थिंग नीट केलं, गळती झाली की वीज तोडणारा स्विच लावला, दाबाच्या व्हॉल्व्हचं पाणी गाडीखाली सोडलं. चिमणीच्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच, की थंडी तोंडावर आहे, तेव्हा ज्यांचा फोटो छापला त्यांच्यापर्यंत हे पत्र पोहोचवा. त्यांचा पत्ता आपल्याकडे असेल. दार उघडं ठेवतो असं त्या म्हणतीलच. त्यांना म्हणावं, फक्त एक उदबत्ती लावून बघा. आणि अशा गाड्यांचं पासिंग करताना इन्स्पेक्टरनं मागचं दार उघडून आत ज्योत कुठे आहे एवढं पाहिलं तरी पुष्कळ होईल, हेही छापलंत तर बरं.

काढलेला गीझर माझ्या दुकानात खुंटीला आहे, जाळीत पांढरे केस तसेच ठेवलेत, गिऱ्हाइकांना दाखवायला. छपराच्या भोकावर पत्रा मारून सिलिकॉन भरलं होतं, पण यंदाच्या पावसात ते टॉवेलांच्या कप्प्यावर ठिबकत राहिलं. पुढच्या रविवारी जाऊन ते परत करायचंय.

आपला,
एक गीझर-फिटर, हडपसर, पुणे